नुसत्या पाण्यावर सोडायच्या!

माशांच्या टँकसाठी तरंगत्या वनस्पती घ्यायच्या म्हटल्यावर जो तो मला हेच सांगू लागला, "त्यात काय एवढं? नुसत्या पाण्यावर सोडायच्या!" माती नको, लावायची कटकट नको. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या थेट घेतात, माशांच्या घाणीतून आलेलं अमोनिया-नायट्रेट मुळांनी शोषून घेतात. इतका बिनतक्रार भाडेकरू कोण नाकारील?

निवडायला बसलो आणि एकेकीच्या अटी कळायला लागल्या.

आधी जीव जडला तो रेड रूट फ्लोटरवर. फोटोत पानं लालबुंद. पण ती लाली चढायला उजेड भरपूर हवा. आमचा दिवा जेमतेम मासे दिसावेत इतपतच. म्हणजे बाईसाहेब आमच्याकडे हिरव्याच राहणार.

मग अ‍ॅमेझॉन फ्रॉगबिट. गोल, गुळगुळीत पान. उलटून पाहिलं तर पोटाशी हवेने फुगलेली स्पंजासारखी गादी. खाली लोंबणारी मुळं पाहून आमचा फायटर मासा तर हरखलाच असता, कारण त्याला अशाच पानांच्या आडोशाला बुडबुड्यांचं घरटं बांधायला आवडतं. पण या फ्रॉगबिटला पोटाखाली कितीही पाणी चालतं, पाठीवर थेंब चालत नाही! वरून सतत ओली राहिली की पानं सडतात. टँकला झाकण असलं की वाफेचे थेंब टपटप पडणार. झाकण काढावं, तर फायटर उडी मारून जमिनीवर. त्यात फिल्टरची धार अशी, की तिच्या तडाख्यात सापडलेलं रोप गटांगळ्या खात थेट तळाला जाईल. त्यावर तोडगा म्हणजे एअरपंपाच्या नळीचं कडं करून पाण्यावर सोडायचं आणि रोपांना त्यात नजरकैदेत ठेवायचं. नुसतं सोडायचं ते हे असं.

वॉटर लेट्युसची मुळं इतकी लांब वाढतात, की आमच्या टँकमध्ये ती तळाला टेकून वर उरली असती. तिचा विचार तिथेच संपला.

शेवटी सॅल्व्हिनियावर शिक्कामोर्तब झालं, आणि नवख्यांना मीही तीच सुचवीन. ही नेच्यांच्या कुळातली. पानांवर बारीक केस, त्यामुळे थेंब पडला तरी घरंगळून जातो. मुळं म्हणून जे दिसतं, तीही खरं तर पाण्यात बुडालेली, रूप पालटलेली पानंच. इतकी सोशिक, की मला तिचा संशयच यायला हवा होता.

कारण ती एकटी आली नाही. तिच्या पानाखाली चिकटून डकवीड या इवल्याशा तरंगत्या वनस्पतीचे दोन-चार ठिपके आले. डकवीड कुणी निवडत नाही, तीच तुम्हाला निवडते. मनाजोगतं वातावरण मिळालं की दोन-तीन दिवसांत दुप्पट. टँकमध्ये हात घातला की कोपरापर्यंत हिरवी नक्षी. जाळीने काढावी तर जाळीतच घर करते. वरून सगळं झाकलं, की खालच्या झाडांना उजेड नाही आणि आई विचारते, "अरे, मासे आहेत ना अजून?"

बरं, काढलेली फेकायची कुठे? नदी-तळ्यात अजिबात नाही. जलपर्णीने काय करून ठेवलंय ते आपण पाहतोच. उन्हात खडखडीत वाळवून कुंडीत घालणं उत्तम. पण ओली संपवायची तर गोल्डफिशसारखा गिऱ्हाईक नाही, चवीने खातो. म्हणून गोल्डफिश पाळणाऱ्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "दे की, पण रांगेत उभा राहा. माझे मासे आधीच चार घरचं जेवतायत."