थंड पाण्याने मेंदूची नस फुटत नाही

मार्च लागला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो: उन्हातून आल्यावर गार पाणी पिऊ नका, मेंदूची नस फुटते, अर्धा तास हातपाय धुऊ नका, भोवळ आलेल्याच्या अंगावर पाणी ओतू नका, उष्णता आत कोंडते. यातला शेवटचा सल्ला जिवावर बेतू शकतो.

आधी नस. 10 अंशांचं 200 मिली पाणी पोटात 37 अंशांवर येताना जेमतेम साडेपाच किलोकॅलरी शोषतं. 60 किलोच्या माणसाचं तापमान 1 अंशाने उतरायला सुमारे 50 लागतात. म्हणजे ग्लासभर पाण्याने फरक पडतो 0.1 अंशाचा. त्याने मेंदूतली रक्तवाहिनी फुटत नाही. घाईत बर्फाचं पाणी प्यायल्यावर कपाळात उठणारी कळ थोड्या वेळात आपोआप जाते.

हातपाय खुशाल लगेच धुवा. त्वचेतले संवेदक मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागाला खबर देतात. तिथल्या काही पेशी रक्ताची उष्णता स्वतःही ओळखतात. दोन्ही जुळवून घाम आणि त्वचेचा रक्तपुरवठा कमीजास्त होतो. हे काम अखंड चालूच असतं, त्यामुळे धुण्याआधी अर्धा तास थांबायची गरज नाही.

आता उष्माघात. शरीराच्या आतलं तापमान 40 च्या वर आणि माणूस असंबद्ध बोलतोय किंवा शुद्ध हरपतेय, तर प्रत्येक मिनिट मोलाचं. गार पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात हे खरं, पण अंग आणि पाणी यांच्या तापमानात एवढी तफावत असते की उष्णता तरीही झपाट्याने बाहेर पडते. बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत ठेवलं तर तापमान मिनिटाला साधारण 0.2 अंशाने उतरतं. मुंबईत तर घामावर विसंबता येत नाही: 1 लिटर घाम वाळताना 580 किलोकॅलरी नेतो, पण दमट हवेत तो वाळण्याआधीच ठिबकतो. ठिबकलेला घाम पाणी आणि मीठ नेतो, उष्णता जवळजवळ नाही.

घरात टब नसतो. म्हणून 108 ला फोन लावा आणि गाडीची वाट न बघता मोरीत किंवा सावलीत कपडे सैल करून अंगावर सतत पाणी ओता, जोरात वारा घाला, कापडात गुंडाळलेला बर्फ मान, काखा, जांघांत ठेवा. वयस्कर किंवा हृदयरोगी माणसाला मात्र एकदम बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. ओलं अंग आणि पंखा बरा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉलही देऊ नका. संसर्गाच्या तापात मेंदूच लक्ष्य-तापमान वर नेतो आणि गोळी ते खाली आणते. उष्माघातात ते लक्ष्य वर गेलेलंच नसतं, त्यामुळे गोळीला उतरवायला काही उरत नाही.