आरसे वाढवले म्हणून पाणी अधिक शुद्ध होत नाही

सूर्यकिरण आरशांनी एकवटले की कोणतेही दूषित पाणी आणि कोणताही घातक कचरा रसायनांशिवाय, अवशेष न ठेवता आणि फुकटात नष्ट होतो, असा दावा मोठ्या उत्साहाने पुढे पाठवला जात आहे. या तंत्रामागचे विज्ञान खरे आहे आणि मला ते मोलाचे वाटते. म्हणूनच हा दावा शब्दागणिक तपासायला हवा.

‘एकवटले की’ इथपासूनच सुरुवात करू. पाण्यातील कीटकनाशके किंवा द्रावके मोडण्यासाठी बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड हा उत्प्रेरक वापरतात. तो कार्यरत होण्यासाठी सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. त्यातही हे किरण वातावरणात फार विखुरतात, तर अन्वस्त (पॅराबोलिक, म्हणजे खोलगट वक्र) आरसा केवळ सूर्याकडून थेट येणारे किरण एकवटू शकतो. आकाशभर पसरलेले किरण त्याच्या हातून निसटतात. याहून मूलभूत अडचण उत्प्रेरकाच्या आत आहे. प्रकाश एका मर्यादेपलीकडे तीव्र झाला की प्रकाशाने उत्प्रेरकात सुटे झालेले इलेक्ट्रॉन प्रदूषकावर काही काम होण्याआधीच आपल्या रिकाम्या जागी परततात, आणि अभिक्रियेचा वेग प्रकाशाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढू लागतो; म्हणजे चौपट प्रकाश ओतून काम दुप्पटच होते. १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ट्रायक्लोरोएथिलीन या द्रावकाने दूषित झालेल्या भूजलावर अन्वस्त आरशांनी प्रत्यक्ष चाचणी झाली होती. पुढे मात्र स्पेनमधील अल्मेरियाच्या सौर केंद्रासह अनेक ठिकाणी संशोधकांचा कल प्रकाश फारसा न एकवटणाऱ्या, पण विखुरलेले किरणही टिपणाऱ्या स्थिर संग्राहकांकडे वळला.

‘रसायनांशिवाय’ हा शब्दही टिकत नाही. प्रदूषके मोडण्यासाठीच वापरल्या जाणाऱ्या, सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या फेंटन प्रक्रियेत लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालावे लागते, पाण्याचा सामू (पीएच) सुमारे २.८ पर्यंत उतरवावा लागतो, आणि शेवटी ते उदासीन केल्यावर लोहाचा गाळ उरतो.

‘कोणतेही’ आणि ‘अवशेष न ठेवता’ हे शब्द मला सर्वाधिक धोकादायक वाटतात, कारण त्यांच्यावर विसंबून कोणी तरी ते पाणी पिऊ शकते. प्रकाश रेणू मोडतो, मूलद्रव्य नव्हे. आर्सेनिक, शिसे, पारा यांचे रूप बदलते, पण ते नाहीसे होत नाहीत. फ्लोराइडही तसेच राहते. सेंद्रिय प्रदूषकांचेही विघटन अर्धवट राहिले, तर मधली संयुगे कधी कधी मूळ पदार्थाहून विषारी असतात. त्यामुळे मूळ प्रदूषक दिसेनासे झाले एवढे पुरेसे नाही. पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, हेही मोजावे लागते.

प्रकाशाऐवजी सूर्याची उष्णता वापरून पाण्याची वाफ केली आणि ती पुन्हा थंड केली, तर क्षार आणि बहुतेक धातू मागे राहतात, हे खरे. पण क्लोरोफॉर्मसारखी बाष्पनशील, म्हणजे सहज वाफ होणारी द्रव्ये वाफेबरोबर पलीकडे जातात, आणि इथेच ‘फुकटात’ या शब्दाचाही हिशेब करावा लागतो. उकळत्या १ लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात. एक चौरस मीटरवर भर उन्हात सुमारे १ किलोवॉट, म्हणजे सेकंदाला १ किलोज्यूल ऊर्जा पडते. तिचा कणही वाया गेला नाही, तरी ३८ मिनिटे लागतील. ऊन फुकट असले, तरी आरसे, जागा, पंप आणि देखभाल फुकट नसते.

घातक कचऱ्याच्या बाबतीत आरशांची बाजू बळकट आहे, कारण तिथे काम उष्णतेचे असते आणि ती एकवटल्याने खरोखर वाढते. फ्रान्समधील ओदेयो येथील १ मेगावॉटची सौरभट्टी ३,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. मात्र पारा ३५७ अंशांनाच उकळतो. भट्टीतून निघणाऱ्या वायूंसाठी शुद्धीकरण यंत्रणा नसेल, तर कचऱ्यातला पारा धुराबरोबर हवेत जातो.