सल्ले पुरे, वर्गणी टाका

परवा रात्री आपली फाउंटन पेनवाल्यांची साइट ४ तास बंद होती. तेवढ्यात माझ्या फोनवर ४१ मेसेज! "काय झालं?" "माझे फोटो उडाले तर नाहीत ना?" एका महाशयांनी तर सुनावलंच, "चालवायची तर नीट चालवा." याच महाशयांनी गेल्या आठवड्यात १४ फोटो चढवले होते. एकाच निबचे. प्रत्येक फोटो १२ एमबीचा. बंद का पडली म्हणता? सर्व्हरवरची जागा भरली. कशानं? निबांनी!

फाउंटन पेनच्या वेडापायी आम्ही तिघांनी हे सुरू केलं तेव्हा सभासद शंभर-सव्वाशे होते, खर्च तिघांत खपून जायचा. आज सभासद साडेतीन हजार आहेत आणि पदरमोड करणारे तेच तिघे. डोमेन, होस्टिंग, बॅकअपची जागा, ईमेल पाठवणारी सेवा, सगळं माझ्या कार्डावरून जातं. वर्गणीचं नाव काढलं की मात्र उंटावरचे शहाणे रांगेनं हजर.

"जाहिराती लावा की!" लावल्या होत्या. गूगलच्या ॲडसेन्स या जाहिरातसेवेत १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात पडत नाहीत, आणि आमचा आकडा महिनोन् महिने त्याच्या अलीकडेच रेंगाळला. रेंगाळणारच, निम्म्या मंडळींनी जाहिराती अडवणारे ॲडब्लॉकर लावलेत. उरलेल्यांनी गाद्यांच्या जाहिराती दिसतात म्हणून तक्रार केली.

"मग ॲमेझॉनच्या लिंक टाका, कमिशन मिळेल." अहो, लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तासांत वस्तू कार्टमध्ये पडली तर कमिशन. आमचा माणूस एक पेन घ्यायला तीन महिने लावतो! आधी निब बारीक घ्यावं की मध्यम यावर चर्चा, मग टोपण आट्याचं की दाबाचं यावर भांडण, शेवटी पेन घेतो तो ओळखीच्या माणसाकडून, जुनं.

प्रायोजकही करून पाहिला. एका पेनविक्रेत्यानं तीन महिन्यांचे पैसे दिले. चौथ्या महिन्यात निरोप आला, आमचं पेन गळतं असं कुणीतरी लिहिलंय तेवढं काढून टाका. पेन खरंच गळत होतं. माझ्या स्वतःच्या शर्टाचा खिसा निळा झाला होता! काढलं नाही. पैसे बंद.

आणि हा सगळ्यांचा लाडका दाखला: "विकिपीडिया बघा, देणग्यांवर चालतो." चालतो ना! पण त्यांच्याही बॅनरवर लिहिलेलं असतं की देणारे वाचक जेमतेम २ टक्के. आमच्याकडे २ टक्के म्हणजे ७० माणसं झाली असती. तेवढ्यांत वर्षाचा खर्च भागून वर चार पैसे उरले असते. दिले किती जणांनी? ११. त्यांतले तीन आम्हीच.

त्यात आता हे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम. एआयला शिकवायला मजकूर आणि फोटो उपसून नेणारे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियानं २०२५ मध्ये सांगितलं की जानेवारी २०२४ पासून त्यांच्याकडचे फोटो-व्हिडिओ उतरवायला लागणारी बँडविड्थ (सर्व्हरवरून होणारी डेटाची वाहतूक) ५० टक्क्यांनी वाढली, आणि वाढ मुख्यतः बॉटमुळे. त्यांना जड जातंय तिथे आमची काय कथा! robots.txt नावाच्या फाइलीत "येऊ नका" असं लिहून ठेवता येतं, पण ती नुसती विनंती. न ऐकणारा खुशाल आत येतो, रात्री दोन वाजता आमची दहा वर्षांची सगळी निबं उचलून नेतो आणि बँडविड्थचं बिल मला येतं. म्हणजे सभासदही फुकटे आणि चोरही फुकटे. चोर निदान सल्ला तरी देत नाहीत.

सक्तीची फी? नाही लावणार. जुनं पेन सापडलं म्हणून कुतूहलानं येणारं पोरगं दारातूनच परत जाईल, आणि खरं तर त्याच्यासाठीच हे चालवतोय.

मागतोय किती? वर्षाला शाईच्या एका बाटलीएवढं. तुमच्यातल्या कित्येकांच्या कपाटात न उघडलेल्या तीस-तीस बाटल्या आहेत, आणि हे मला माहीत आहे, कारण त्यांचेही फोटो तुम्ही माझ्याच सर्व्हरवर टाकलेत!

आज सकाळी त्या महाशयांचे नवे ९ फोटो आले. निब सुरेख आहे, ते नाकारत नाही. फोटो पुन्हा १२-१२ एमबीचे.