केमोनंतर विसरायला होणं म्हणजे ‘मनाचे खेळ’?

‘केमोचं औषध काही दिवसांत अंगाबाहेर पडतं. वर्षानंतरही विसरायला होत असेल तर ते मनाचे खेळ. एमआरआय नॉर्मल आहे ना? मग बदाम-ब्राह्मी घ्या आणि आराम करा.’ हा मेसेज सोलापुरातल्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. पहिलं वाक्य बऱ्याच औषधांपुरतं खरं आहे, त्यामुळे बाकीचंही खपून जातं.

औषध गेलं तरी त्यानं उठवलेला दाह आणि हार्मोन्समधले बदल मागे राहू शकतात. नेदरलँड्समध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी सीएमएफ ही तीन औषधांची जुनी केमो घेतलेल्या बायकांची सरासरी 21 वर्षांनी तपासणी झाली. शब्द लक्षात ठेवणं आणि विचारांचा वेग यांत त्या कधीच कॅन्सर न झालेल्या बायकांपेक्षा मागे पडल्या. फरक लहान होता. हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, नव्हे. सगळं खापर केमोवर फोडणंही चूकच, कारण काहींना पहिल्या सलाईनच्या आधीपासून हा त्रास असतो.

एमआरआयचा मुद्दा तर साफ फसवा. नेहमीच्या एमआरआयमध्ये गाठ दिसते, लक्ष किती टिकतं ते दिसत नाही. ओपीडीतली दहा मिनिटांची स्मरणचाचणी डिमेन्शिया हुडकायला बनवलेली. तिच्यात हे पेशंट सहज पास होतात. अडतं ते एका वेळी अनेक गोष्टींवर नजर ठेवताना. चार यंत्रमाग सांभाळणारा कामगार एकावरचा तुटलेला धागा जोडत असतो, तेवढ्यात शेजारच्या मागाची सुताची कांडी संपलेली त्याच्या ध्यानात येत नाही. मालकाला तो कामचुकार वाटतो.

बदाम खुशाल खा, पण आधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-12 आणि साखर तपासून घ्या. झोप आणि नैराश्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. झोपेच्या, ॲलर्जीच्या गोळ्यांनीही डोकं जड राहतं. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरची हार्मोनवरची गोळी चालू असेल तर ब्राह्मीच काय, कोणताही काढा विचारल्याशिवाय नको.

आरामाचा सल्ला उलटा आहे. हाडांत आजार नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर आठवड्यात पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. मे महिन्यात सोलापुरात सकाळी सातच्या आत. गोळ्या, हिशेब, तारखा एकाच वहीत लिहा. गॅसवर काही ठेवलं की मोबाईलवर टायमर लावा.

मात्र झटके, सकाळी उलट्यांसह डोकेदुखी, एका बाजूची ताकद जाणं किंवा आठवड्या-आठवड्याला वाढणारा विसर, यांपैकी काही दिसलं तर वही-टायमरवर भागवू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.