‘व्हान्या ऑन फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ : एका चिडलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘छान लेख’ असं म्हणून पुढे न जाता तुम्ही एवढं सविस्तर भांडलात, त्याबद्दल आधी आभार. लेख होता लुई मालच्या या सिनेमावर, ज्यात न्यूयॉर्कमधले नट एका ओसाड थिएटरात चेखव्हचं ‘अंकल व्हान्या’ हे रशियन नाटक तालमीसारखं करतात. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: लुई मालनं नाटकासमोर कॅमेरा लावला, यापलीकडे काही केलं नाही, तालमीचा सिनेमा म्हणायचं, तर दिग्दर्शक एकदाही कुणाला थांबवत नाही, वॉलेस शॉन व्हान्या म्हणून विनोदी दिसतो, आणि ‘आय लव्ह न्यूयॉर्क’ छापलेले कागदी कप घेऊन बसलेल्या या मंडळींत रशिया कुठे आहे?

शेवटचा आधी घेतो. वर्षाला ५०० रूबलवर २५ वर्षं व्हान्या इस्टेट सांभाळतो, पै-पै मेहुण्याला पाठवतो. एक दिवस तो प्रोफेसर मेहुणा सगळ्यांना जमवून सांगतो, ही विकू, पैसे रोख्यांत घालू, उरतील त्यांत फिनलंडमध्ये छोटा बंगला घेऊ. हा अन्याय कळायला सामोवार (चहाचं रशियन भांडं) लागत नाही.

शॉन विनोदी दिसतो हे मात्र खरं, आणि दिसायलाच हवा. चेखव्हचा व्हान्या ४७ वर्षांचा आहे. ‘मी शोपेनहॉवर झालो असतो, दोस्तोयेव्हस्की झालो असतो’ असं ओरडतो, आणि मग प्रोफेसरवर दोनदा गोळी झाडून दोन्ही वेळा चुकतो. वर तोंडानं ‘धाड!’ असंही म्हणतो. हे चेखव्हनंच लिहून ठेवलंय. देखणा, भारदस्त नट इथे उभा केला की शोकांतिका होते आणि नाटक मरतं. शॉनच्या त्या गोल चेहऱ्यावर हसू येतं आणि त्याच क्षणी आपलीच लाज वाटते.

आता तालमीचं. नाटकाचा दिग्दर्शक आंद्रे ग्रेगरीनं १९८९ पासून ही मंडळी जमवली. प्रयोगाची तारीख नव्हती, तिकीटविक्री नव्हती. ज्याला जसा वेळ मिळेल तसं भेटायचं, फार तर मोजक्या निमंत्रितांसमोर करायचं. सिनेमा आला १९९४ मध्ये. वाक्य विसरणं, रुसवेफुगवे, दिग्दर्शकाचा आरडाओरडा, हे तुम्हाला हवं होतं; पण तो टप्पा केव्हाच मागे पडला होता. थांबवायचं कशासाठी? (अंकांच्या मध्ये ग्रेगरी पाहुण्यांना कथानक समजावतो ते मलाही खटकतं. मधुर जाफ्रीसारखी अभिनेत्री पाहुणी म्हणून बसवायची आणि तिला नुसतं ऐकायला लावायचं, हे तर फारच.)

आणि ‘नुसता कॅमेरा लावला’? सुरुवात पुन्हा बघा. लॅरी पाइन आणि फीबी ब्रँड हे नट थकव्याबद्दल, कामाबद्दल गप्पा मारताहेत, शॉन बाकावर आडवा झालाय. नाटक कधी सुरू झालं ते कळत नाही. बाजूला ग्रेगरी गप्प होऊन ऐकतोय हे दिसतं तेव्हा उमगतं की ही गप्पा मारणारी माणसं नाटकातले डॉक्टर आस्त्रोव्ह आणि दाई आहेत. रंगमंचावर हे कसं करणार? तिथे दिवे मंद होतात, पडदा उघडतो, प्रेक्षक सावरून बसतात.

त्याहून मोठी गोष्ट आवाजाची. दुसऱ्या अंकात मध्यरात्री प्रोफेसरची दुसरी बायको येलेना आणि त्याची मुलगी सोन्या अबोला सोडून एकाच पेल्यातून पितात. थिएटरात ही कुजबुजसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत फेकावी लागते. इथे ज्युलिअन मूर आणि ब्रूक स्मिथ शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलतात, कारण कॅमेरा हातभर अंतरावर आहे. वर्षानुवर्षं बिनप्रयोगाच्या तालमी केलेल्या नटांना हा आवाज सापडला होता. मालनं तो तसाच टिपला. माझ्या मते हेच इथलं दिग्दर्शन.

ती जागाही सजावट म्हणून निवडलेली नाही. १९०३ मध्ये उघडलेलं न्यू ॲमस्टरडॅम थिएटर तेव्हा ओसाड होतं, उंदरांनी रंगमंचावरचे दोर कुरतडलेले, त्यामुळे मंच वापरताच येईना. खेळ प्रेक्षागृहाच्या भागात करावा लागला.

जपानी दिग्दर्शक हामागुचीच्या ‘ड्राइव्ह माय कार’मध्ये (२०२१) याच नाटकाची तालीम ‘खरी’ दिसते, हे तुमचं म्हणणं मान्य. तिथे नट टेबलाभोवती बसून कोरडेपणानं संहिता वाचतात, आणि तालीम हाच विषय आहे. मालचा विषय तालमीतून काय उरतं हा आहे. दोन्ही आवडू शकतात, मला आवडतात.

एवढं करा: पूर्ण सिनेमा नको, फक्त तो दुसरा अंक हेडफोन लावून बघा. येलेनाला पियानो वाजवावासा वाटतो, सोन्या प्रोफेसरची परवानगी विचारायला जाते आणि ‘नको’ घेऊन परत येते, तिथपर्यंत. मग पुन्हा भांडू.