‘मोडणार होतो का मी?’

गेल्या रविवारी मावसभाऊ आला होता, बायको-मुलांना घेऊन. गप्पा मारता मारता आम्ही दोघं माझ्या लाकूडकामाच्या वर्कशॉपमध्ये शिरलो. एका पेटीच्या कोपऱ्यांचे सांधे अर्धवट झाले होते, बाकावर तीन पटाश्या, म्हणजे लाकूड तासायच्या धारदार छिन्न्या, पडलेल्या. बोलता बोलता त्याने त्यातली सगळ्यात रुंद पटाशी उचलली आणि धार बघायला अंगठा टेकवला. मी ओरडलो, ‘‘ठेव ती!’’

त्याने ठेवली. चेहरा मात्र पडला. ‘‘अरे, मोडणार होतो का मी?’’ एवढंच म्हणाला. थोड्या वेळाने सगळे निघून गेले.

तेव्हापासून मला चैन नाही. ओरडायला नको होतं, हे कबूल. पण त्याला थांबवलं याचं मला तसूभरही वाईट वाटत नाही, आणि का नाही ते एकदा सविस्तर लिहावं म्हणून ही पोस्ट. लांबली आहे, सांभाळून घ्या.

पटाशी हातात आली की बहुतेक माणसांचा अंगठा आपोआप धारेवर जातो. घरातल्या सुरीची सवय असते, तिची धार अशीच बघतात. पण सुरी आणि पटाशी यांत फरक आहे. मी पटाशीचा उतार २५ अंशांवर घासतो, टोकाची बारीक धार ३० अंशांवर काढतो, मग बारीक दगडावर दोन्ही बाजू आरशासारख्या करून शेवटी चामड्यावर फिरवतो. अशी पटाशी मनगटावरचे केस न ओढता उतरवते. तिने कापलं तर आधी दुखत नाही. आधी रक्त दिसतं, मग कळतं. आणि अंगठ्याचा स्नायुबंध तुटला तर तो मलम लावून जुळत नाही, शस्त्रक्रिया करावी लागते.

मावसभावाला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नाही. पाहुण्याला दिसतो एक लाकडी मुठीचा पोलादी तुकडा. त्यातला धोका फक्त मला दिसतो. म्हणून तो टाळायची जबाबदारीही माझी एकट्याची आहे, असं मी मानतो. ‘लहान का होते, कळायला नको?’ हे वाक्य मला पटत नाही. नाही कळत. मलाही पहिली दोन-तीन वर्षं नव्हतं कळत, डाव्या तर्जनीवरचा व्रण अजून आहे.

हत्याराची काळजी वाटत नाही असंही मी म्हणणार नाही. वाटते. एक पटाशी फरशीवर टोकावर पडली तर धारेचा कोपरा उडतो. मग ग्राइंडरवर धरून सगळी रुंदी मागे घ्यावी लागते, तीही थोडं घासून पाण्यात बुडव, पुन्हा थोडं घास, अशी. घाई केली की पोलाद तापतं, ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास धारेवर निळा रंग चढतो आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कडकपणा जातो. मग तो निळा भाग घासून टाकण्याशिवाय इलाज नाही. एका निसटलेल्या हाताची किंमत म्हणजे माझी अख्खी दुपार. माझ्या भावाने एकदा रंगाचा डबा उघडायला माझी अर्धा इंची पटाशी वापरली होती. त्याला वाटलं स्क्रू-ड्रायव्हरचंच काम आहे. त्या धारेवरचे दाते घालवताना मी त्याच्यावर चिडलो नाही, स्वतःवर चिडलो. ती उघड्यावर ठेवली कोणी?

पाहुण्यांचं एक वेळ सोपं असतं. ते तासाभरासाठी येतात, आपण बरोबर असतो. घरच्यांना आडवं येणं फार अवघड जातं, कारण ते मदत करायला येतात.

एकदा मी एका टेबलाला जवसाच्या तेलाचा हात दिला होता. वापरलेली फडकी वाळत घालायची राहून गेली आणि मी दोन तासांसाठी बाहेर गेलो. आईने पसारा बघितला आणि मायेने सगळं आवरलं. भुसा झाडून बादलीत भरला आणि ती फडकी चुरगळून त्यावरच दाबून ठेवली. परत आलो तर आत पाऊल टाकताच तेलाचा उग्र वास. बादलीत हात घातला आणि फडकी गरम लागली. उन्हात ठेवलेल्या कपड्यासारखी नव्हे, इस्त्रीखालच्या कपड्यासारखी. मी ती तशीच पाण्यात बुडवली. पाय लटपटत होते.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. फडकं पसरून ठेवलं तर ती उष्णता हवेत निघून जाते. बोळा केला की आतच कोंडते आणि वाढत वाढत फडकं आपोआप पेटतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वन मेरिडियन प्लाझा नावाची ३८ मजली इमारत अशाच जवस-तेलाच्या फडक्यांमुळे पेटली. आग २२व्या मजल्यावर लागली आणि अग्निशमन दलाच्या ३ जवानांचा जीव गेला. ३०व्या मजल्यावर पाण्याचे फवारे बसवलेले होते, तिथे ती अडली. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. तिची काय चूक होती? मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. आता तेलाची फडकी मी वापरून झाली की बाहेर दोरीवर एकेक सुटी वाळवतो. आणि आवरायचं मीच, दुसऱ्या कोणी नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मशीन चालू असताना तर प्रश्नच वेगळा. टेबल सॉवरचं, म्हणजे टेबलात बसवलेल्या विजेच्या गोल करवतीचं, १० इंची पातं मिनिटाला साधारण ४००० फेरे मारतं. म्हणजे त्याचे दात सेकंदाला ५० मीटरच्या वर पळत असतात. बटण बंद केलं तरी पातं काही क्षण फिरत राहतं. कानावर आवाजरोधक असतात, त्यामुळे मागून कोणी आलेलं ऐकू येत नाही. अशा वेळी प्रेमाने कोणी खांद्यावर हात ठेवला तर मी दचकणार, आणि दचकल्यावर माझे हात कुठे जातील हे माझ्या ताब्यात नाही. आणि फळी पात्यात अडकून उलटी फेकली गेली तर ती सरळ मागे येते, नेमकी बघणारे उभे राहतात तिथे.

सुरुवातीला मी दाराला आतून कडी लावायचो. मग लक्षात आलं, मलाच काही झालं तर आत येणार कोण? आता दाराबाहेर लाल दिवा आहे. मशीनच्या वीजजोडणीवरच तो लावलाय. दिवा लागलेला असेल तर दार उघडायचं नाही, आणि फारच तातडीचं असेल तर खोलीतला मोठा दिवा बाहेरच्या बटणाने दोनदा बंद-चालू करायचा. काम संपलं की मशीनची चावी माझ्या खिशात. पाहुणे येणार असतील तर आधी पटाश्या खणात, खणाला कुलूप. ‘हात लावू नका’ या तीन शब्दांवर माझा आता विश्वास उरलेला नाही. जे हाती लागतच नाही, त्याला हात लावू नका असं सांगावं लागत नाही, आणि कोणाचं मनही दुखत नाही. त्या रविवारी मी हेच चुकलो.

मुलांबद्दल बरेच जण म्हणतात, थोडं लागू दे, त्याशिवाय शिकत नाहीत. मला हे अजिबात मान्य नाही. लागल्यावर मूल घाबरायला शिकतं, काम करायला नाही. भाचीसाठी मी दाराशी एक बुटकं बाक केलंय. तिथे तिची छोटी हातोडी, पॉलिशपेपर आणि मऊ लाकडाचे ठोकळे असतात. सगळं खरं, खेळण्यातलं नाही. जमिनीवर पिवळी पट्टी आहे, ती ओलांडायची तर मला हाक मारायची. ती पट्टीवर पाऊल टेकवून ‘‘मामा, येऊ?’’ विचारते, आणि मी हातातलं खाली ठेवेपर्यंत थांबते.

काल मावसभावाला फोन केला. आधी ओरडल्याबद्दल माफी मागितली, मग अंगठ्याचं सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘एवढी धार असते?’’ पुढच्या रविवारी येतोय. त्याच्यासाठी एक लाकूड बाजूला काढून ठेवलंय. पटाशी कशी धरायची ते आधी दाखवेन, दोन्ही हात धारेच्या मागे, मग तो स्वतः छिलका काढेल.