गायरानावर धावपट्टी घालू पाहणाऱ्यांना हिताचे सल्ले

गावाचं गायरान ताब्यात घेऊन तिथं लष्करी विमानतळ उठवायचा तुमचा बेत असेल, तर आधी अभिनंदन. जागा अचूक हेरलीत. गायरान सपाट असतं, मोकळं असतं, आणि मुख्य म्हणजे तिथं चरणारी जनावरं हरकतीचा अर्ज करत नाहीत. फक्त मोजणीदार पाठवण्याआधी इंग्लंडात बर्कशायरमधल्या न्यूबरी गावालगत काय झालं, ते एकदा नजरेखालून घाला. ग्रीनहॅम कॉमन हे तिथलं गायरान. १९४१ साली सरकारनं ते घेतलं, आणि २००० साली ते लोकांना परत खुलं झालं. मधल्या काळात सरकारी खात्यांनी केलेल्या चुका तुम्ही टाळल्यात, तर तुमची धावपट्टी सात पिढ्या टिकेल.

सुरुवात त्यांनी झकास केली होती, हे मान्य करायला हवं. जमीन घेतली ती युद्धासाठी, म्हणजे तात्पुरती. हे शिकून घ्या. तात्पुरत्या घेतलेल्या जमिनीबद्दल कुणी फार खळखळ करत नाही, आणि परत करायची वेळ येईपर्यंत मागणारा काठी टेकायला लागलेला असतो. शिवाय ५ जून १९४४ च्या संध्याकाळी नॉर्मंडीवर उतरणाऱ्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांना निरोप द्यायला दोस्त सैन्याचे सरसेनापती खुद्द आयसेनहॉवर तिथं आले होते. असा एखादा प्रसंग तुमच्याही विमानतळाच्या वाट्याला यावा, एवढी प्रार्थना करा. नंतर कुणी चराईचं नाव काढलं, की त्या फोटोकडं बोट दाखवायचं. बास.

युद्ध संपलं तरी जमीन सुटली नाही, कारण तोवर आणखी एक युद्ध मिळालं होतं, रशियाविरुद्धचं शीतयुद्ध, म्हणजे न लढता वर्षानुवर्षं पुरणारं. १९५१ पासून अमेरिकी बॉम्बफेकी विमानांसाठी तिथं नवी, तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी घातली. गावकऱ्यांनी विरोध केला. गावकरी विरोध करतातच. नोंद घ्यावी आणि फाइल पुढं सरकवावी.

घोटाळा झाला तो १९८१ मध्ये. नेटोनं ठरवल्याप्रमाणे ग्रीनहॅमवर ९६ अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्रं यायची होती, अण्वस्त्रांसकट. त्याविरुद्ध वेल्समधल्या कार्डिफहून काही बायका चालत निघाल्या आणि ५ सप्टेंबरला फाटकाशी येऊन थडकल्या. सोबत काही लेकरंही. चौघींनी स्वतःला साखळीनं कुंपणाला बांधून घेतलं. मागणी काय, तर संरक्षणमंत्र्यांशी टीव्हीवर जाहीर चर्चा.

इथं नीट लक्ष द्या. चर्चा मागितली की लगेच द्यावी. चर्चेनं आजवर कुठला प्रकल्प अडला आहे? एक समिती नेमा, चहा पाजा, दोन्ही बाजूंची भूमिका समजून घेतल्याचं पत्रक काढा. आठवड्यात सगळ्या आपापल्या घरी. इंग्रजांनी चर्चा नाकारली. मग बायका तिथंच बसल्या, त्या एकोणीस वर्षं.

आणि बसल्या म्हणजे कशा? झाडाच्या ओल्या फांद्या कमानीसारख्या वाकवायच्या, त्यावर प्लास्टिकचा कागद टाकायचा, झालं घर. अतिक्रमण हटाव पथक कचऱ्याची गाडी घेऊन यायचं आणि कागद, अंथरुणं, भांडी सगळं त्या गाडीच्या जबड्यात कोंबायचं. पथक गेलं की पुन्हा फांद्या वाकवायच्या. पुढं पुढं तर त्यांनी संसारच बाबागाडीत ठेवला; पथक दिसलं की गाडी ढकलत बाजूला व्हायचं. अतिक्रमणावर कारवाई करायला आधी अतिक्रमण जागेवर सापडावं लागतं, हे तुमच्या पथकाला वेळीच समजावून सांगा. चाकं असलेल्या वस्तूंवर परिसरात बंदी घालता आली तर उत्तम.

कुंपणाबद्दल म्हणाल तर ते घालूच नका. १२ डिसेंबर १९८२ ला सुमारे तीस हजार बायका आल्या आणि हातात हात धरून त्यांनी चौदा किलोमीटरच्या कुंपणाला वेढा घातला. तारेवर लेकरांचे कपडे आणि फोटो अडकवले. कुंपणच नसतं तर त्यांनी ते अडकवलं कशावर असतं? शिवाय तारा कापायच्या मोठ्या कात्र्या दुकानात मिळतात, आणि त्या विकत घ्यायला ओळखपत्र लागत नाही. १ जानेवारी १९८३ च्या पहाटे चव्वेचाळीस जणी शिडी लावून आत शिरल्या आणि बांधकाम चालू असलेल्या क्षेपणास्त्रांच्या कोठारांवर चढून फेर धरून नाचल्या. एप्रिलच्या पहिल्या तारखेला तर शे-दोनशे बायका टेडी अस्वलांचे पोशाख घालून आत सहलीला आल्या. अस्वलाला बेड्या घालताना खाकीचा रुबाब कसा राखावा, हे पोलिसांच्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. तुमच्याकडं तरी शिकवा.

संरक्षणमंत्री हेसेल्टाइन यांनी त्याच वर्षी संसदेत सांगून टाकलं, की कोठारांजवळ घुसणाऱ्यांवर गोळी चालू शकते. धमकी वजनदार होती, पण अस्वलं पाहिल्यावर तिचं वजन थोडं उतरतं. नोव्हेंबरात क्षेपणास्त्रं आली. ती गाड्यांवर चढवून रात्री गुपचूप रानात नेण्याची तालीम व्हायची. शत्रूला थांगपत्ता लागू नये हा हेतू. मागावर असायचे ते आसपासचेच लोक. रशियाच्या हेरांना दिसो न दिसो, न्यूबरीच्या चौकात थांबलेल्या गृहस्थाला ताफा दिसायचा, आणि तो पुढच्या गावाला कळवायचा.

आता सगळ्यात महागात पडलेली चूक. १९८५ साली सरकारनं १८९२ च्या लष्करी जमीन कायद्याखाली उपविधी केले: विनापरवाना आत शिराल तर गुन्हा. बायकांवर धडाधड खटले झाले. पण त्या जुन्या कायद्यातच एक ओळ होती, की असे उपविधी करताना लोकांच्या सामाईक वहिवाटीच्या हक्कांना धक्का लावता येणार नाही. आणि ग्रीनहॅमवर गुरं चारायचा हक्क असलेली माणसं अजून जिवंत होती. १९९० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, ते उपविधीच रद्दबातल ठरवले. अणुबॉम्ब टाकायची पूर्ण सिद्धता, रडार, श्वानपथक, तिहेरी कुंपण. आणि आडवी आली कुणाच्या तरी गाईची चराई. म्हणून सांगतो, धावपट्टीचं टेंडर नंतर काढा, आधी रेकॉर्डरूममध्ये जा. पिवळ्या पडलेल्या कागदात एखादा गुराखी दडलेला असतोच. त्याला शोधा आणि त्याची समजूत घाला. सरकारचे वकील हे काम कोर्टात हरल्यावर करायला निघतात.

क्षेपणास्त्रं १९९१ च्या मार्चपर्यंत गेली. ती अमेरिकेचे रेगन आणि रशियाचे गोर्बाचेव्ह यांच्या १९८७ च्या क्षेपणास्त्र-कपात करारामुळं गेली, बायकांमुळं नव्हे, हे वाक्य पाठ करून ठेवा. प्रत्येक मुलाखतीत लागेल. बायका मात्र तुमचं वाक्य ऐकायलाही उठल्या नाहीत. क्षेपणास्त्रं गेल्यावरही नऊ वर्षं त्यांचा तळ तिथंच होता.

नंतर तर शोभाच झाली. १९९७ मध्ये एका स्थानिक विश्वस्त संस्थेनं लष्करी तळ विकत घेतला. बराकी आणि शेडमध्ये उद्योग आले, आणि त्यांच्या भाड्यातून परिसरातल्या संस्थांना देणग्या मिळू लागल्या. अशी जागा आणि एकही टॉवर नाही! आपल्याकडचा कुठलाही होतकरू बिल्डर हे वाचून जेवायचा नाही. धावपट्टी उखडली, तिचं काँक्रीट न्यूबरीच्या बाह्यवळण रस्त्याखाली घातलं. त्या रस्त्याविरुद्धही लोक झाडांवर चढून बसले होते, म्हणजे काँक्रीटला सवयीची सोबत मिळाली. माती चढवलेली ती कोठारं सरकारनंच संरक्षित स्मारक ठरवली, आणि हॉलीवूडच्या एका अंतराळपटात त्यांना भूमिका मिळाली ती बंडखोरांच्या तळाची. कास्टिंग कुणी केलं ते शोधून त्याची चौकशी लावायला हवी होती.

बाकी जमिनीवर पुन्हा हेदरची झुडपं, पिवळ्या फुलांचा काटेरी गोर्स, जमिनीवर घरटी करणारे पक्षी. झुडपांतून मध्येच लष्कराचा अग्निशामक नळ डोकं काढतो आणि त्याच्याशेजारी गाय रवंथ करत उभी असते. शक्य झालं तर निघताना निदान नळ तरी उपटून न्या.

आणि कंट्रोल टॉवर सर्वात आधी पाडा. ग्रीनहॅमचा तसाच ठेवला, आणि आता तिथं कॅफे आहे. लोक वर चढून सगळं गायरान न्याहाळतात, खाली येऊन चहा पितात, आणि स्वयंसेवक त्यांना तळाचा सगळा इतिहास सांगतात. त्यात तुमचं नाव अस्वलांच्या आधी येईल की नंतर, याची हमी मला देता येणार नाही.